खाडीपलीकडचा जिल्हा

(काळाचौकी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

या सभागृहातून बाहेर पडून शिवडीच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात अटल सेतूचं तोंड लागतं. १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. लांबी पावणेबावीस किलोमीटरच्या आसपास, त्यातला साडेसोळा किलोमीटर पाण्यावर. पलीकडचं टोक उतरतं चिर्ले गावाजवळ, उरण तालुक्यात. गाडीला एकेरी टोल अडीचशे रुपये. दुचाकी आणि रिक्षाला बंदी. म्हणजे इथल्या ज्या माणसाचं गाव पलीकडे आहे आणि ज्याच्याकडे फक्त स्कूटर आहे, तो अजूनही भाऊच्या धक्क्यावरूनच जातो. आजोबा जायचे तसाच.

आज त्या पलीकडच्या जिल्ह्याबद्दल बोलायचं आहे. जुना कुलाबा, आताचा रायगड. आपल्यात बरेच जण अलिबाग, पेण, रोहा, माणगाव, महाडकडचे असणार, हे गृहीत धरतो. जे रत्नागिरी-साताऱ्याचे आहेत त्यांनी रागावू नये. तुमच्या गावाकडे जाणारा रस्ताही याच जिल्ह्यातून जातो, आणि त्या रस्त्याच्या खड्ड्यांनी तुम्हाला हा जिल्हा माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा करून दिलेला आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. मुंबईतही कुलाबा आहे आणि अलिबागच्या समुद्रातही. जिल्ह्याला नाव मिळालं ते अलिबागच्या किल्ल्यावरून, कान्होजी आंग्रे यांच्या मुख्य ठाण्यावरून. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून हा किल्ला घ्यायला गेले आणि हात हलवत परत आले. त्या काळात मुंबई या जिल्ह्याला बिचकून होती, हे आज सांगून खरं वाटत नाही. पुढे १८४० च्या दशकात आंग्र्यांचं संस्थान खालसा झालं, १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि १ जानेवारी १९८१ ला त्याचं नाव रायगड झालं. तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले त्याच जिल्ह्यातले. आज तालुके पंधरा आणि क्षेत्रफळ ७,१५२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसव्वीस लाखांच्या थोडी आत होती आणि त्यातले साठ टक्क्यांहून जास्त लोक खेड्यात राहणारे. एवढ्या मोठ्या शहराच्या उंबरठ्यावर असूनही!

इतिहासाची पुस्तकं किल्ल्यांपासून सुरू होतात. मी चिखलापासून सुरू करतो, कारण या जिल्ह्याचं भांडण समजायचं तर चिखल समजला पाहिजे.

धरमतरची खाडी, अंबा नदी, पातळगंगा, यांच्या दोन्ही अंगांना जी सपाट जमीन आहे तिला खारेपाट म्हणतात. ही जमीन मूळची समुद्राची. भरतीला पाण्याखाली, ओहोटीला चिखल. माणसांनी खाडीच्या कडेने मातीचा बांध घातला, त्याला बाहेरकाठा म्हणतात. चिकट माती थापायची, खाडीच्या बाजूने दगड लावायचे. बांधाला जागोजाग उघाड्या. उघाडी म्हणजे एका बाजूने उघडणारं दार. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने ते उघडतं आणि पाणी खाडीत जातं. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने तेच दार बंद होतं. ना मोटर, ना माणूस. पावसाळ्यात पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो, ते पाणी उघाडीतून बाहेर पडतं, असं वर्षानुवर्षं झालं की मग भात येतं. मीठ सोसणाऱ्या भाताच्या जाती तिथे वेगळ्या. लाल तांदळाचा राता ही जुनी ओळख. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने नव्या जाती काढल्या, त्यांना नावंही पनवेल अशीच दिली. मोड आणलेलं बी सरळ चिखलात फेकायचं, ही तिथली एक पेरणीची पद्धत.

शेतालगत घराच्या पुढ्यात तळं, तळ्यात जिताडा. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून पोपटी. हे सगळं ज्याने खाल्लंय त्याला वेगळं सांगायला नको.

आता यातला मुख्य मुद्दा. ही जमीन आयती मिळालेली नाही, ती केलेली आहे. आणि एकदा करून संपलेलं नाही, दर वर्षी करत राहावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांधाला कुठे खांड पडली आणि रातोरात बुजवली नाही, तर खारं पाणी आत शिरतं. मग पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात भात विसरा. म्हणून तिथे "जमीन कोणाची?" याच्या शेजारी दुसरा प्रश्न कायम उभा असतो: "बांध कोण राखणार?"

जुन्या काळी याचं उत्तर होतं शिलोत्री पद्धत. ज्याने पैसे घालून बांध घातला तो शिलोत्रीदार. त्याने बांध सांभाळायचा आणि त्यासाठी कुळाने त्याला बिघ्यामागे ठरावीक भात द्यायचं. कागदावर वाईट नव्हतं. पण हळूहळू भात घेणं तेवढं राहिलं आणि चिखलात उतरणं कुळाकडे आलं. वर सावकारी. दाणा देताना एक माप आणि घेताना दुसरं, ही तक्रार सगळ्या कोकणाची. त्यात इथे पीक एकच. पावसाळ्यातलं भात निघालं की उरलेले सात-आठ महिने काय करायचं? मिठागरावर जायचं, होडीवर जायचं, नाहीतर मुंबईला. काळाचौकी, लालबाग, परळच्या गिरण्या या सात-आठ महिन्यांनी भरल्या, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. एका खोलीत एका गावची वीस-पंचवीस माणसं, पाळ्यांप्रमाणे झोपायची, खाणावळीत जेवायची, आणि लावणीला गावी पळायची. पावसाळ्यात गिरणीत बदली कामगारांची चलती का असायची, त्याचं एक कारण हे.

जायचे कसे? रेल्वे खंडाळ्याच्या घाटातून पुण्याला गेली, समुद्राकाठी आलीच नाही. ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल व्हायला १९७३ उजाडलं. तोवर धक्का आणि बोट. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या, सगळ्यांच्या तोंडी असलेली गटारी. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. सण करायला घरी निघालेली परळ-गिरगावची कामकरी माणसं त्यात पुष्कळ होती. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता, त्या धामधुमीत ही बातमी शहराच्या आठवणीतून लवकर पुसली गेली. खाडीपलीकडच्या गावांत ती पुसली गेली नाही. म्हाताऱ्या बायका बरीच वर्षं "रामदासच्या साली" असं म्हणून मुलांची वयं सांगायच्या.

बोटीवरून फक्त माणसं जात नसत. भात, मीठ, कोळसा, भाजी इकडे येई आणि पगार तिकडे जाई. विचारही जात. १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या दुसऱ्या परिषदेला निघाले ते बोटीनेच, दासगाव बंदरात उतरून. मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी, डिसेंबरात मनुस्मृतीचं दहन, दोन्ही याच कुलाबा जिल्ह्यात. ज्या ठरावाच्या आधारावर महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केलं होतं तो ठराव कायदेमंडळात आणला होता सी. के. बोले यांनी. ते आपल्या इथले, परळ-दादरचे कामगार पुढारी. चळवळ मुंबईतून गावात गेली की गावातून मुंबईत आली, हा वाद मला निरर्थक वाटतो. तीच माणसं दोन्हीकडे होती.

आणि आता चरी. अलिबाग तालुक्यात पोयनाडच्या बाजूला चरी नावाचं गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथे शेतकऱ्यांची सभा झाली. पुढारी नारायण नागू पाटील. ठरलं असं की खोत-सावकारांची जमीन कसायची नाही. पंचवीस गावं या संपात उतरली.

मंडळी, तुम्ही संप पाहिलेले लोक आहात. १८ जानेवारी १९८२ चा संप या वस्तीला कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण गिरणीचा संप आणि शेताचा संप यात एक फरक आहे. गिरणी बंद ठेवली तर मालकाचं यंत्र बंद राहतं. शेत पडीक ठेवलं तर आपल्याच बापजाद्यांनी धुऊन काढलेली माती डोळ्यांसमोर ओस पडते, आणि ताटातलं भातही जातं. तरी त्यांनी ठेवलं. एक नाही, दोन नाही, जवळजवळ सहा वर्षं. जंगलातून लाकडं आणून विकली, खाडीत मासे-चिंबोऱ्या धरल्या, कर्ज काढलं, उपास काढले. तिकडे खोतालाही खंड मिळेना आणि सरकारचा धारा मात्र चुकेना. जगात लांबलेल्या शेतकरी संपांची यादी केली तर चरीचं नाव वरच्या ओळींत येईल. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र बार्डोलीला जेवढी जागा, तेवढी चरीला नाही. का नाही, याचं उत्तर मी शोधतोय. एक शक्यता अशी की बार्डोलीत समोर इंग्रज सरकार होतं आणि चरीत समोर आपलेच होते.

१९३४ मध्ये बाबासाहेब चरीला आले. १९३७ मध्ये नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' हे वृत्तपत्र काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरात बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्या मोर्च्यात गावची कुळं आणि गिरणीतले कामगार असे दोन वेगळे गट होते, असं समजू नका. एकाच घरातला थोरला भाऊ कुळ आणि धाकटा भाऊ गिरणीत, अशी ती घरं. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा आला आणि चरीचा संप मिटला. १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती रद्द करणारा कायदा, आणि मग १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी कसणारा मालक झाला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण बांध विसरू नका. जमीन कुळाची झाली आणि बांध? खोत गेला, त्याच्याबरोबर शिलोत्रीची व्यवस्थाही गेली. १९४८ मध्ये खार जमिनींसाठी वेगळा कायदा आणि मंडळ झालं, १९७९ मध्ये नवा खारभूमी विकास कायदा झाला. म्हणजे बांध सरकारकडे गेला. आता उधाणाची रात्र आणि सरकारी अंदाजपत्रक यांची गाठ कशी पडायची? पूर्वी खांड पडली की गाव टोपल्या घेऊन धावायचं. आता अर्ज द्यायचा, पाहणी व्हायची, निविदा निघायची. शिवाय धावायला गावात तरणी माणसं कुठे होती, ती तर इथे काळाचौकीत! मग पाणी शिरलं, शेत गेलं, त्यावर तिवरं उगवली. तिवरं तोडायला कायद्याने बंदी, आणि ती बंदी योग्यही आहे, कारण किनारा तिवरंच राखतात. पण ज्या शेतकऱ्याचा सातबारा भातशेती म्हणतो आणि जागेवर कांदळवन उभं आहे, त्याने काय करावं? नापीक दिसणाऱ्या जमिनीला गिऱ्हाईक स्वस्तात मिळतं. गिऱ्हाईक कोण, ते पुढे येईलच.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली. मुंबईची गर्दी हलवायची म्हणून ठाणे, पनवेल, उरणच्या पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. लक्षात घ्या, १९५७ ला मालक झालेल्या कुळाला जेमतेम तेरा वर्षं झाली होती. बऱ्याच जणांचे खरेदीचे हप्तेही फिटले नसतील. भरपाई ठरवताना भाव शेतीचा, आणि तिथे उभं राहणार शहर. लढा उभा राहिला तो दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली, ते जासईचेच. १६ आणि १७ जानेवारी १९८४, दोन दिवसांत गोळीबारात पाच जण गेले. ही उरण तालुक्यातली गावं, पुलाच्या पलीकडच्या टोकापासून हाकेच्या अंतरावरची. त्या लढ्यातून एक नवं तत्त्व निघालं: जमीन गेलेल्या शेतकऱ्याला पैसे तर द्याच, पण विकसित झालेल्या जमिनीतला साडेबारा टक्के हिस्साही परत द्या. सार्वजनिक सोयींची वजावट होऊन हातात येई ते त्याहून कमी, आणि तेही मिळवताना अनेकांचे जोडे झिजले. तरीही तत्त्व मोठं होतं. शेतकरी नुसता विकणारा राहिला नाही, होणाऱ्या शहराचा भागीदार झाला.

तारखा जरा शेजारी ठेवून पाहा. १९८२ ला इथे गिरण्या बंद, १९८४ ला तिथे गोळीबार. गिरणीतून सुटलेला माणूस गावी परतला तेव्हा गावाखालची जमीन मोजणीत होती. त्याला दोन्हीकडून एकाच वेळी उठवलं गेलं.

सगळीकडे तो हरलाच, असंही नाही. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण, पनवेलमधल्या गावांच्या जमिनी घ्यायचं घाटत होतं. तेव्हा २१ सप्टेंबर २००८ ला, पेणमधल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं. जमीन द्यायची की नाही, यावर मतदान! निकाल रीतसर जाहीर झाला नाही, पण कौल विरोधात होता हे कोणापासून लपलं नाही. पुढच्या वर्षी भूसंपादनाची मुदत संपली आणि ते बारगळलं. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. भांडण धरणाच्या पाण्यावरून जिंकलं गेलं. "आमची जमीन नापीक नाही, तुमच्याच धरणाच्या कागदात ती ओलिताखाली दाखवलीय," हा युक्तिवाद. खारेपाटातली माणसं कागद वाचायला शिकली होती.

आता आजचं. पूल झाला. नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं आणि डिसेंबरात तो सुरू झाला. २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेणमधल्या १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटरवर नवं शहर वसवायची अधिसूचना निघाली. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. आणि गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत २०१६ ला २,४१७ घरं निघाली ती कुठे? पनवेलजवळ कोनला. ताबा मिळायला वर्षं गेली ते वेगळंच. ज्यांचे बाप भात काढून बोटीने इकडे आले, त्यांच्या मुलांना गिरणीच्या जागेच्या बदल्यात घर मिळालं ते खाडीपलीकडे. यावर हसावं की काय करावं, मला कळत नाही.

म्हणून हे व्याख्यान मी अलिबागला न देता इथे द्यायचं कबूल केलं. पलीकडच्या जमिनीचे निम्मे मालक, कागदावरचे, या सभागृहासारख्या ठिकाणी बसलेले असतात. आजोबांच्या नावाखाली बारा वारस, त्यातले नऊ मुंबईत. गावातला एक चुलतभाऊ आणि एक दलाल तुम्हाला फोन करतात: "सही करायला या, नाहीतर सरकार घेईलच." आणि आपण रविवारची सुट्टी काढून सही करून येतो. विकू नका असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात आजारपण आहे, मुलीचं शिक्षण आहे, त्याला तत्त्व शिकवायला मी कोण? पण तुमचा सातबारा एकदा शेवटपर्यंत वाचा.

(श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं: "सातबाऱ्यात नेमकं काय बघायचं? वडील गेल्यावर फक्त भावांची नावं लागलीत.")

बरं झालं विचारलंत. पहिलं, मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीतही. तुम्ही हक्कसोड लिहून दिलेलं नसेल तर वारस नोंदीत तुमचं नाव यायला हवं. तलाठ्याकडे अर्ज करा, आणि भावांशी आधी बोला, नोटीस त्यांना जाणारच आहे.

दुसरं, सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून रकाना असतो, तो लोक वाचतच नाहीत. तिथे "कुळकायदा कलम ४३ ला पात्र" असा शेरा दिसला तर तो डाग समजू नका. दलाल सांगतात, "या शेऱ्यामुळे भाव कमी." शेऱ्याचा अर्थ एवढाच की ही जमीन तुमच्या आजोबांना कूळ म्हणून कायद्याने मिळाली, आणि ती परस्पर विकता येत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरला की विक्रीला परवानगी लागत नाही. आकार म्हणजे शेतसारा, तो इतका थोडा असतो की चाळीस पटही फारशी होत नाही. त्यासाठी कोणी लाखांनी भाव पाडत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणि हो, त्या शेऱ्याशेजारी फेरफार नंबर असतो. तो जुना फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढून घ्या. खोताचं नाव, आजोबांचं नाव, किती रुपयांना जमीन मिळाली, सगळं त्यात असतं. अर्जावर गावाचं नाव, गट नंबर आणि फेरफार नंबर तिन्ही लिहा, नाहीतर दुसऱ्यांदा बोलावतात.